कुंपण नाही, गेट नाही : ॲमस्टरडॅमच्या पोरांना ७०० हून जास्त खेळाच्या जागा देणारा आल्डो व्हॅन आइक

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये पोरं भरपूर आणि खेळायला जागा नाही, अशी अवस्था होती. युद्धाआधीची मैदानं होती, पण बहुतेक क्लबांची. त्यांना कुंपण, गेट आणि आत फक्त सभासदांची मुलं. बाकीच्यांसाठी रस्ता होताच.

शहराच्या नगररचना खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या बाई होत्या. प्रत्येक वस्तीत, घरापासून जवळ, कुणालाही येता येईल अशी छोटी जागा हवी, हा त्यांचा आग्रह. १९४६ मध्ये याच खात्यात एक तरुण आर्किटेक्ट नोकरीला लागला आणि हे काम त्याच्याकडे आलं. तो म्हणजे आल्डो व्हॅन आइक.

जन्म १९१८ चा, नेदरलँड्समधल्या ड्रीबर्गनचा. वडील कवी, शिवाय डच वर्तमानपत्राचे लंडनमधले बातमीदार, त्यामुळे लहानपण इंग्लंडात गेलं. आर्किटेक्चर शिकला झुरिकला आणि युद्धाची वर्षंही तिथेच काढली.

१९४७ मध्ये बर्टेलमानप्लाइन नावाच्या चौकात त्याने पहिली जागा तयार केली. त्यात होतं काय? रुंद काँक्रीटच्या कठड्याचा वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड, कोलांट्या मारायला लोखंडी बार, झाडं आणि बाक. बस्स. हत्ती-जिराफाच्या आकृत्या त्याने मुद्दाम टाळल्या. हत्तीचा हत्तीच राहतो. साधा दगड मात्र कधी डोंगर होतो, कधी दुकानाचा गल्ला, आणि दमलेल्या आजोबांना बसायलाही चालतो. कुंपण तर नव्हतंच. पोरं रस्त्यावरून थेट आत यायची आणि तशीच बाहेर पडायची.

आजूबाजूच्या वस्त्यांनी हे पाहिलं. मग लोकांची पालिकेला पत्रं सुरू झाली, आमच्याकडेही असंच करा म्हणून.

जागा कुठून आणायची, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर शहराच्या जखमांमध्ये होतं. नाझींनी ॲमस्टरडॅमच्या ज्यू कुटुंबांना छळछावण्यांत पाठवलं आणि त्यांची घरं ओस पडली. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जळणासाठी लोकांनी त्या घरांमधलं लाकूड काढून नेलं. घरं कोसळली, इमारतींच्या रांगेत मोकळ्या खाचा उरल्या. शहरात अशा पडक्या, बिनकामाच्या प्लॉटांची कमी नव्हती. व्हॅन आइकने एकेक प्लॉट घेतला. १९५४ चं डाइकस्ट्राटचं मैदान असंच दोन घरांच्या आंधळ्या भिंतींमध्ये बसवलेलं आहे. मोठ्या मैदानासाठी मोठी जमीन मिळण्याची वाट पाहिली असती, तर तेवढ्यात पोरं मोठी झाली असती.

१९५१ मध्ये त्याने पालिकेची नोकरी सोडली, पण हे काम सोडलं नाही. १९७८ पर्यंत अशा ७०० हून जास्त जागा झाल्या होत्या.

१९५६ मध्ये दुब्रोव्हनिकला जगभरचे आधुनिक आर्किटेक्ट जमले होते. तिथे त्याने बर्फाचं उदाहरण मांडलं. बर्फ पडला की वाहतूक थांबते आणि काही तास अख्खं शहर पोरांचं होतं. मग बर्फ वितळल्यावरही टिकेल असं काहीतरी शहराने त्यांना द्यायला हवं, हा त्याचा मुद्दा. मोटारींसाठी शहरं आखण्याचे ते दिवस होते, हे लक्षात घ्या.

पुढे १९६० मध्ये त्याचं अनाथाश्रमाचं काम पूर्ण झालं. १२५ मुलांसाठी एक मोठी इमारत न बांधता त्याने छोट्या घुमटांची जणू एक वस्तीच रचली, आत गल्ल्या आणि चौक असलेली. आज जगभरचे विद्यार्थी ती अभ्यासतात.

सत्तरच्या दशकात मेट्रोसाठी न्यूमार्क्ट भागातली घरं पाडायला सुरुवात झाली. रहिवासी रस्त्यावर उतरले, १९७५ मध्ये पोलिसांशी जोरदार चकमकी झाल्या. व्हॅन आइक आणि त्याचा सहकारी थिओ बॉश यांनी त्याच भागात लोकांना पुन्हा राहता येईल अशी घरं उभी करायचं काम केलं.

१९९० मध्ये ब्रिटनच्या आर्किटेक्ट संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. १४ जानेवारी १९९९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी तो गेला.

त्याच्या बहुतेक जागा आता नाहीत. कुठे इमारत आली, कुठे पार्किंग. काही मोजक्या उरल्यात. त्याने डिझाइन केलेल्या चढायच्या लोखंडी कमानी राइक्सम्युझियमच्या बागेत मांडल्या आहेत. म्युझियमची वस्तू असली तरी पोरं त्यावर चढतात, आणि त्यांना कुणी खाली उतरवत नाही.