विश्लेषण : करारावर हाताचा ठसा घेणारे विल्यम हर्शेल कोण होते? अंगठ्याला कायद्यात जागा कशी मिळाली?

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवायचा असो, रेशन दुकानातून धान्य उचलायचे असो किंवा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असो, अनेकदा यंत्रावर बोट ठेवावे लागते. बोटाचा ठसा म्हटले की पोलीस आणि गुन्हेगार आठवतात. पण सरकारी कागदावर ठसा घेण्याची सुरुवात चोर पकडण्यासाठी झाली नव्हती. ती झाली रस्त्याच्या सामानाच्या एका कंत्राटातून, १८५८ मध्ये, बंगालमध्ये. ते कंत्राट देणारे अधिकारी होते विल्यम जेम्स हर्शेल.

हर्शेल कोण होते?

आडनाव ओळखीचे वाटत असेल तर ते बरोबर आहे. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल हे वडील. ९ जानेवारी १८३३ रोजी इंग्लंडमधील स्लाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील दक्षिणेकडच्या आकाशाची नोंद करायला केप प्रांतात गेले तेव्हा लहानगा विल्यमही सोबत होता. घरात तीन पिढ्या दुर्बिणी असताना हा मुलगा मात्र १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि बंगालच्या मुलकी कारभारात आला.

१८५८ मध्ये ते मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे होते. वय २५. १८५७ च्या उठावाला जेमतेम वर्ष झाले होते. सरकारचा रयतेवर विश्वास नव्हता आणि रयतेचा सरकारवर. त्यात खोट्या सह्या, बनावट दस्त आणि ‘ही सही माझी नाहीच’ असे कोर्टात सांगणारे पक्षकार हा रोजचा विषय होता.

त्या कंत्राटात नेमके काय झाले?

रस्त्यासाठी सामान पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी ठरला. करार कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिला. म्हणजे ज्याचा ठसा घेतला गेला तो माणूस निरक्षर नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो सही करणार इतक्यात हर्शेल यांनी त्याला थांबवले, सरकारी शिक्क्यासाठी वापरायची तेलकट शाई त्याच्या तळहाताला लावली आणि अख्खा पंजा कराराच्या पाठीवर उमटवला. उद्देश एकच होता. पुढे सही नाकारायचा विचारही मनात येऊ नये, इतका धाक बसावा. दोन माणसांचे ठसे कधीच सारखे नसतात, हे तेव्हा हर्शेल यांनाही माहीत नव्हते.

सही न येणाऱ्याने खूण करण्याची पद्धत मात्र जुनी होती. बंगालमध्ये बोट शाईत बुडवून कागदावर टेकवत. महाराष्ट्रातील जुन्या महजरांवर आणि वतनपत्रांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो. ही ‘निशाणी नांगर’. पण नांगर कोणीही काढू शकतो. तो माणसाचा हुद्दा सांगतो, माणूस ओळखत नाही. हर्शेल यांच्या हाती लागले ते वेगळे होते. कागदाला आता माणसाच्या शब्दाची गरज उरली नव्हती.

पुढच्या काळात त्यांनी छंदासारखे ठसे गोळा केले. स्वतःचे, सहकाऱ्यांचे, ओळखीच्या लोकांचे. त्याच व्यक्तीचे ठसे काही वर्षांनी पुन्हा घेतले. रेषा बदलत नाहीत, हे त्यातून हळूहळू दिसू लागले. १८६० मध्ये नीळ आंदोलनाच्या धामधुमीत ते नदिया जिल्ह्यात मॅजिस्ट्रेट होते. निळीच्या मळेवाल्यांनी पुढे केलेले करार खरे की रयतेच्या माथी मारलेले, यावर तिथे वाद चालत. करारावर ठसा सक्तीचा केला तर वाद मिटतील, असे त्यांना वाटले. तसे काही झाले नाही.

हुगळीचा प्रयोग का अडला?

१८७७ मध्ये हर्शेल हुगळीचे मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर झाले. जिल्हा हाताखाली आल्यावर त्यांनी तीन ठिकाणी ठसे सुरू केले. मेलेल्या निवृत्तिवेतनधारकाच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलू नये म्हणून निवृत्तिवेतन वाटपात. दस्त करून देणाऱ्याला नंतर हात वर करता येऊ नयेत म्हणून नोंदणी कार्यालयात. आणि पैसे देऊन भलत्यालाच शिक्षा भोगायला पाठवले जाऊ नये म्हणून तुरुंगात. ऑगस्ट १८७७ मध्ये त्यांनी ही पद्धत इतरत्रही वापरून पाहावी, असे वरिष्ठांना लिहिले. उत्तर थंड आले. तब्येत बिघडलेली होती. त्यांनी पाठपुरावा सोडला आणि १८७८ मध्ये ते मायदेशी परतले.

वरिष्ठांच्या आळसाला दोष देणे सोपे आहे. पण खरी अडचण पद्धतीतच होती. समोरचा माणूस ‘मी अमुक’ म्हणतो आणि अमुकचा जुना ठसा आपल्याकडे आहे, तर दोन ठसे शेजारी ठेवून पडताळणी करता येते. हर्शेल यांची पद्धत एवढेच करत होती. माणूस नाव बदलून आला तर? मग हजारो कागद एकेक करून चाळावे लागणार. नोंद ठेवता येत होती, पण ती शोधता येत नव्हती. न सापडणारी नोंद प्रशासनाच्या फारशी उपयोगाची नसते.

शोध कसा शक्य झाला?

१८८० मध्ये जपानमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून ठशांवरून गुन्हेगार ओळखता येतील, असे सुचवले. पुढच्याच महिन्यात हर्शेल यांनी त्याच नियतकालिकात आपला बंगालमधला अनुभव मांडला. इथून श्रेयाचा वाद सुरू झाला. हर्शेल यांनी पुढे १८९४ मध्ये जाहीरपणे मान्य केले की ओळख पटवण्यासाठी ठशांचा उपयोग छापून मांडणारे पहिले फॉल्ड्सच. तरी फॉल्ड्स यांची कटुता शेवटपर्यंत गेली नाही.

हर्शेल यांनी आपले सगळे साहित्य फ्रान्सिस गाल्टन यांच्या हवाली केले. हुगळीतील काही लोकांचे ठसे पुन्हा घेऊन जुन्यांशी ताडून पाहण्यात आले. ठसे आयुष्यभर टिकतात, हे गाल्टन यांनी १८९२ च्या आपल्या पुस्तकात दाखवले.

मुख्य गाठ मात्र पुन्हा बंगालमध्येच सुटली. तिथले पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कार्यालयातील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत घडवली. दहा बोटे घ्यायची. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. म्हणजे दहा वेळा हो किंवा नाही. दोनचा दहावा घात १०२४. तेवढे खण असलेले कपाट करायचे आणि प्रत्येक कागद आपापल्या खणात टाकायचा. संगणकाचा पत्ता नसताना केलेली ही द्विमान पद्धतीची अनुक्रमणिकाच होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये पोहोचली. पद्धतीला नाव मिळाले ते हेन्री यांचे. हक आणि बोस यांच्या वाट्याला खानबहादूर, रायबहादूर हे किताब आले.

कायद्याने ठसा कधी स्वीकारला?

१८९९ मध्ये भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि हस्ताक्षराप्रमाणे बोटांच्या ठशांबाबतही तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. पण तोवर ठशाची ओळख बदलली होती. करारातील दोन पक्षांमधली ती खूण पोलिसांच्या कपाटात गेली होती. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर ठशांची सक्ती केली तेव्हा गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, त्यामागे हा डागही होता. दहा बोटांचे ठसे गुन्हेगारांचे घेतात, मग आमचे का, असा तो सवाल होता.

आरोपीचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे का, हा प्रश्न स्वतंत्र भारतात मुंबई राज्याच्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. काठी कालू ओघड खटल्यात १९६१ मध्ये ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ‘नाही’ असे उत्तर दिले.

हर्शेल यांची तीनही कामे आज सुरू आहेत. दस्त नोंदणीत छायाचित्र आणि ठसे लागतात, तुरुंगात ते घेतले जातात आणि २०१४ पासून निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ आहे. फरक हा की हुगळीत ठसा जुळतो का, हे समोर बसलेला माणूस डोळ्यांनी ठरवत असे. आता यंत्र ठरवते आणि शेतात किंवा बांधकामावर राबून झिजलेली बोटे ते अनेकदा ओळखत नाही. ज्याला धान्याची सर्वाधिक गरज, त्याच्याच बोटाच्या रेषा पुसट असण्याची शक्यता जास्त. मग ओटीपी किंवा डोळ्यांच्या बुबुळांचा पर्याय शोधावा लागतो आणि तो दुकानदाराने दिला नाही तर माणूस रिकाम्या पिशवीने परततो.

हर्शेल यांनी १९१६ मध्ये या सगळ्या प्रवासावर एक छोटे पुस्तक छापले आणि ते एडवर्ड हेन्री यांना अर्पण केले. कोनाईच्या तळहाताचा ठसा त्यात आहे. हर्शेल यांचे तरुणपणी बंगालमध्ये घेतलेले ठसे आणि वयाच्या ८३ व्या वर्षी पुन्हा घेतलेले ठसेही त्यात आहेत. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.