नानाभॉय मूस : भूगर्भाच्या नोंदी जपणारा शास्त्रज्ञ

सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त झाला. कोयना आणि सांगली जिल्ह्यातील वारणा धरणाच्या परिसरात त्यानंतरही धक्के बसत राहिले. तेथील भूगर्भाचा वेध शास्त्रज्ञ दोन मार्गांनी घेतात. भूकंपाच्या प्राथमिक लहरी ध्वनिलहरींच्या जातीच्या असतात. त्या खडकाचे कण हलवीत पुढे सरकतात. कठीण खडकात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर असतो. विद्युतचुंबकीय लहरींना माध्यमाची गरज नसते. निर्वात पोकळीत त्या सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावतात, पण वीज वाहून नेणाऱ्या जमिनीत शिरताच क्षीण होतात. या दोन्ही शाखांचा पाया महाराष्ट्रात घालणाऱ्यांमध्ये नानाभॉय फ्रामजी मूस यांचे नाव अग्रस्थानी आहे.

मूस यांचा जन्म 1859 चा. एडिंबरो येथे उच्च शिक्षण घेतलेले मूस 1896 मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत 1898 मध्ये तेथे मिल्न यांचा भूकंपमापक बसला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तर तेथे 1840 च्या दशकापासून सुरू होत्या.

मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या आणि पेच उभा राहिला. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहामुळे चुंबकसुई विचलित होणार, हे उघड होते. अर्धशतकाहून अधिक काळाची मालिका मातीमोल होण्याची ही वेळ होती. चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. मात्र जुने केंद्र लगेच बंद झाले नाही. 1904 ते 1906 या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावू लागली, तोवर मालिका सुरक्षित झाली होती.

मूस यांनी 1846 ते 1905 या काळातील निरीक्षणांचे विश्लेषण 1910 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळांच्या अभ्यासात त्याचे मोल आजही मानले जाते. 1919 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1936 मध्ये त्यांचे निधन झाले.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील ज्या मंद चढउतारांची नोंद मूस यांनी जपली, त्याच चढउतारांच्या आधारे कोयना-वारणा भागात खडकांची विद्युतवाहकता मोजण्यात आली आहे. धक्का कोठे उगम पावला, हे भूकंपलहरी सांगतात. पाणी मुरलेला खडक कोठे असू शकतो, याचा अंदाज विद्युतचुंबकीय मापन देते. धरणाखालची जमीन समजून घेण्यास यांपैकी एकच मार्ग पुरेसा नाही.