हसवून फेडलेलं कर्ज

मार्क ट्वेनच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणारी बरीच वाक्यं त्याची नाहीतच. म्हणून आज एकही कोट न देता त्याची गोष्ट सांगते.

खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५, अमेरिकेतलं मिझुरी. वडील गेले तेव्हा हा ११ वर्षांचा. लवकरच शाळा सुटली, छापखान्यात उमेदवारी, मग मिसिसिपी नदीवर बोटीचा पायलट. ‘मार्क ट्वेन’ ही बोटीवरचीच आरोळी. पाणी दोन वाव, म्हणजे १२ फूट खोल आहे, बोट बिनधास्त जाऊ द्या!

स्वतःची बोट मात्र त्याने बरोबर खडकावर नेली. माणसाचा लोभ, बढाई, भाबडेपणा यांवर अख्ख्या जगाला हसवणारा हा बाबा पैशाच्या बाबतीत महाभोळा. जेम्स पेज नावाच्या माणसाने छपाईचे खिळे आपोआप जुळवणारं यंत्र काढलं होतं. सुटे भाग १८,०००! लहानपणी हाताने खिळे जुळवलेला ट्वेन त्यावर फिदाच झाला. यंत्र चाललं की झकास, पण सारखं बिघडायचं. १८८० पासून त्याने त्यात सुमारे ३ लाख डॉलर ओतले. तोवर लायनोटाइपने बाजार मारला. १८९४ मध्ये त्याची प्रकाशन कंपनीही बुडाली.

दिवाळखोरीनंतर सगळं फेडायची कायद्याने सक्ती नव्हती. पण त्याने आणि बायको ऑलिव्हियाने ठरवलं, पै न् पै द्यायची. साठीला टेकलेला माणूस १८९५ मध्ये तिला आणि क्लारा या मुलीला घेऊन जगभर व्याख्यानं द्यायला निघाला. आजचं स्टँडअपच म्हणा ना.

जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत आला. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात खोकल्याने बेजार होऊन पडला आणि बाल्कनीतले कावळे बघत बसला. त्याला वाटलं, हे आपले कपडे, केस, चारित्र्य यावर चर्चा करतायत. मग त्याने पुनर्जन्माची कल्पना लढवली: जुगारी, चोर, चहाडखोर, पुढारी असे सगळे जन्म घेऊन, प्रत्येकाचे गुण जपत हा कावळा झाला असणार. (आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर ट्वेन आला असता तर कावळ्यांची गरजच पडली नसती.)

दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला. ऑगस्टमध्ये तार आली: अमेरिकेत राहिलेली थोरली मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली. वय २४. तेराव्या वर्षी तिने गुपचूप वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं होतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्या चुका त्याने कधीच दुरुस्त केल्या नाहीत.

त्यानंतरच्या महिन्यांत लंडनला बसून त्याने दौऱ्याचं पुस्तक लिहिलं. मुंबईच्या कावळ्यांचा तो धमाल मजकूर त्यातलाच. १८९७ मध्ये पुस्तक आलं, १८९८ मध्ये सगळी देणी फिटली.

आणि मग? दोनेक वर्षांत त्याने दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरच्या कंपनीत पुन्हा पैसे घातले. तेही बुडाले.