रमाबाईंची पहाट

प्रार्थनेला निवांत वेळ मिळत नाही अशी तक्रार कुणी केली की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं संस्कृत पांडित्य, शारदा सदन, विधवांसाठीचं काम हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यांच्या एकांताविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी त्यांच्या चरित्राकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्याच भागासाठी.

जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. संस्कृत शिकवलं आईने. लहानपण तीर्थयात्रेत पायपीट करण्यात गेलं आणि 1874 च्या दुष्काळात आईवडील दोघंही अन्नान्न करून गेले. मग कलकत्ता, लग्न, दोन वर्षांतच वैधव्य, पदरात चिमुकली मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

पुण्यात रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत. दार उघडंच असे. हळूहळू सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही. त्यावरून 1893 मध्ये गावभर वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. इथे धर्म शिकवणार नाही असा शब्द त्यांना मिळाला होता, तेव्हा त्यांचा संतापही मला कळतो. दार लोटून घेतलं असतं तर भागलं असतं, असं कुणीही व्यवहारी माणूस म्हणेल. रमाबाईंनी ना प्रार्थना सोडली ना दार लावलं.

यानंतर खरं तर दिवसरात्र राबून संस्था सावरायची वेळ होती. केडगावला शेतजमीन घेतलेली, खर्चाची तोंडमिळवणी चाललेली. तरी रमाबाई लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरे, तिथे गेल्या. 1896 च्या एप्रिलमधली गोष्ट. एके दिवशी त्या भल्या पहाटे उठून एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवताना पाहिला. प्रभूवर विश्वास ठेवलेल्या पंधरा मुली त्या वर्षी त्यांच्याबरोबर होत्या, याचा आनंद मनात मावत नव्हता. आणि तिथे त्यांनी मागितलं काय, तर या पंधराचा वर्ग कर. म्हणजे दोनशे पंचवीस! देवाशी असा पाढ्यांच्या भाषेत बोलणारी बाई मला फार आवडते. एवढ्या मुलींना ठेवायला ना जागा होती, ना पैसा. विसाव्याला गेलेलं माणूस परतताना ओझं वाढवून मागतंय, असा तो प्रकार.

वर्ष संपता संपता मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने माणसं मरतात म्हणजे काय होतं, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर त्यांच्यासाठी निवारा उभा राहिला. तेच पुढे मुक्ती मिशन.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल मराठीत आणायला घेतलं. कानांनी तोवर कधीच साथ सोडली होती. 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई भाषांतराला बसतच राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली.