लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून आलेले बाबासाहेब तीन वर्षांनी परत कसे गेले?

अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये असे बरेच जण भेटतील, ज्यांचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं आणि आता तिशीत कलिनाला जाऊन पुन्हा फॉर्म भरायचं मनात आहे. अडतं ते पैशांपाशी, घरापाशी आणि एवढ्या वर्षांनी आपल्याला घेतील का, या धास्तीपाशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्यापैकी अनेकांना पाठ असते. पण त्यातलं लंडनचं शिक्षण मध्येच सुटलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही.

गोष्ट आहे १९१६ सालची. कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास आटोपून भीमराव लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी, अशा दोन्हीकडे त्यांनी प्रवेश घेतला. खर्च बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर चालायचा. १९१७ मध्ये तिची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा असतानाच गाशा गुंडाळावा लागला.

निघताना मात्र त्यांनी एक काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून रीतसर मिळवली. (आज आपल्याकडे क्रेडिट बँकेत गुण सात वर्षं जमा राहतात. तेव्हा असं काही नव्हतं, ज्याची त्याने परवानगी काढायची.) ही मुदत ऑक्टोबर १९१७ पासून मोजायची होती.

परतीचा काळ वाईट होता. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं, ती पाणतीराने बुडाली आणि जमवलेली पुस्तकं गेली. करारानुसार बडोद्यात नोकरी करायची होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. विदेशात शिकून आलेला हा माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार ४५० रुपये, त्या काळात चांगलाच. पण घर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. रमाबाईंच्या हाती मोजके पैसे यायचे, त्यांत सगळं भागवायचं. उरलेली रक्कम लंडनसाठी बाजूला पडायची. या गोष्टीत रमाबाईंचा वाटा आपण नेहमी एका ओळीत उरकतो, तो तेवढा लहान नव्हता.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. 'मूकनायक' सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. साठवलेल्या पैशांत छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं पाच हजारांचं कर्ज मिळवलं. भथेना पारशी. कोलंबियात असताना दोघांची मैत्री जमली होती. जुलैमध्ये भीमराव बोटीवर चढले तेव्हा वय २९ होतं, आणि मागे रमाबाई आणि सात वर्षांचा यशवंत होता. चार वर्षांच्या मुदतीतलं एकच वर्ष हातात उरलं होतं.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडताच आत जायचं आणि बंद होईपर्यंत बसायचं, असा दिवस असे. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा. रात्री भूक लागली तर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांच्या मुक्कामाचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. हाती आली. पुढे बॅरिस्टरीही पूर्ण झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला, पण परीक्षकांनी तो सुधारून मागितला. पैसे पुन्हा संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि प्रबंधाची दुरुस्ती इथेच केली. तो लंडनला पाठवला आणि वर्ष संपण्याआधी पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना प्रबंधातली सगळी मतं पटली नव्हती, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

२० जून १९४६ रोजी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथले वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही नाव घालता येई.