पॉल गॅल्विन : मोटारीस वाणी देणारा उद्योजक

सायंकाळच्या वेळी शाळेसमोरील रस्त्याने एखादी मोटार येते आणि ती दृष्टीस पडण्यापूर्वीच आमच्या वर्गाची तावदाने थरथरू लागतात. जत्रेच्या दिवसांत तर हा अनुभव नित्याचाच. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांस या नादयंत्रणेचे मोठे वेड आहे. कोणाच्या गाडीत किती वॅटचा ॲम्प्लिफायर आणि किती इंचांचा स्पीकर, यावर मधल्या सुट्टीत खडाजंगी चाललेली आम्ही ऐकतो. आम्ही शास्त्र विषयाचे शिक्षक नव्हे. परंतु थोरांची चरित्रे वाचण्याचा आम्हांस छंद आहे. त्या छंदापोटी, मोटारीतील नादास विजेचा भक्कम आधार मिळवून देण्यासाठी ज्याने आपले सर्वस्व पणास लावले, त्या पुरुषाची कथा विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

पॉल गॅल्विन यांचा जन्म 29 जून 1895 रोजी अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात हार्वर्ड नावाच्या लहानशा गावी झाला. विख्यात विद्यापीठाशी या गावाचा नामसादृश्यापलीकडे काही संबंध नाही. गावावरून आगगाड्या जात. गाडी थांबली की तेरा वर्षांचा पॉल उतारूंना मक्याच्या लाह्या विकी. व्यापाराचा पहिला धडा त्याने फलाटावर गिरविला. पुढे दोन वर्षे तो विद्यापीठात शिकला. पण पदवी पदरी पडली नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून त्याने सेवा केली.

युद्धावरून परतल्यावर 1921 साली एडवर्ड स्ट्युअर्ट या स्नेह्याच्या भागीदारीत विस्कॉन्सिनमधील मार्शफील्ड येथे त्यांनी विद्युत्घट, म्हणजे आपल्या बोलीतील बॅटऱ्या, बनविण्याचा कारखाना काढला. दोन वर्षांत तो बुडाला. सरकारी देणे थकल्याने कारखान्यास टाळे लागले, तेव्हा आत राहिलेला स्वतःचा कोटही गॅल्विन यांस घेता आला नाही, असे सांगतात. घरी पत्नी लिलियन आणि 1922 साली जन्मलेला तान्हा रॉबर्ट. अशा अवस्थेत त्यांनी शिकागोत एका मिठाईच्या कारखानदाराकडे नोकरी धरली. 1926 साली त्याच मित्राबरोबर पुन्हा बॅटरीचा धंदा केला. तोही 1928 साली मोडला. दुसरा कोणी असता तर त्याने नशिबाला बोल लावून नोकरीच पत्करली असती.

परंतु बुडालेल्या धंद्यात एक वस्तू जीव धरून होती. त्या काळचे रेडिओ बॅटरीवर चालत. घरातील वीज वापरून बॅटरीची गरजच नाहीशी करणारे एक उपकरण स्ट्युअर्ट यांच्या कारखान्यात तयार होत असे. लिलाव पुकारला गेला तेव्हा गॅल्विन यांनी 750 डॉलर उभे करून तेवढाच भाग विकत घेतला. 25 सप्टेंबर 1928 रोजी त्यांनी बंधू जोसेफ यांच्यासह शिकागोत नवी कंपनी स्थापिली. कामगार होते पाच आणि गाठीस रोकड होती 565 डॉलर!

दैव मात्र परीक्षा पाहतच होते. थेट घरच्या विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येताच गॅल्विन यांच्या उपकरणाचे प्रयोजन संपत चालले. त्यातच ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तिसऱ्यांदा दिवाळे निघण्याची वेळ आली. त्या सुमारास त्यांच्या मनाने घेतले की, घराघरांत रेडिओ आहेच. आता मोटारीत रेडिओ बसवावा.

मोटारीत रेडिओ पूर्वी कोणी बसविला नव्हता असे नाही; पण तो इतका महाग व अवजड असे की सामान्य मनुष्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. अडचणी कोणत्या होत्या हे ध्यानी घेण्यासारखे आहे. मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची. तिच्यावर रेडिओच्या निर्वात नळ्यांच्या तारा तापत. परंतु नळी काम करण्यास शंभराहून अधिक व्होल्टचा दाब हवा. तेव्हा कोरड्या बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या तळाशी दडवावी लागे आणि त्या संपल्या की नव्या आणाव्या लागत. दुसरे संकट ठिणग्यांचे. इंजिनात पेट्रोल पेटविणारी प्रत्येक ठिणगी रेडिओस खरखर ऐकवी. तिसरे, इंजिनाची घरघर आणि रस्त्याचा खडखडाट यांवर मात करील असा दमदार लाउडस्पीकर हवा, आणि तो ठेवण्यास जागा तर नाही.

विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुण तंत्रज्ञांस हाताशी धरून गॅल्विन या कामास लागले. ठिणगीच्या वाटेवर रोधक व धारित्र बसवून खरखर दाबली. प्रयोगास गाडी होती गॅल्विन यांची स्वतःची स्टुडबेकर. जून 1930 मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ कारखानदारांचे संमेलन भरावयाचे होते. तेथे दुकान मांडण्यास पैसा नव्हता. मग गॅल्विन शिकागोहून आठशेहून अधिक मैल मोटार हाकीत गेले, संमेलनाच्या बाहेर गाडी उभी केली आणि रेडिओचा आवाज मोठा केला. येणारेजाणारे थबकले. मागण्या आल्या आणि बुडते तारू सावरले.

याच काळातील एक गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात बोध आहे. कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका पेढीवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळाले नाही. विजेशी व्यवहार करताना घाई आणि बेपर्वाई किती महाग पडते, हे गॅल्विन यांस आयुष्यभर विसरणे शक्य नव्हते.

मोटार आणि त्या काळच्या ग्रामोफोनांच्या नावांतील ओला हा नादसूचक प्रत्यय जोडून त्यांनी आपल्या रेडिओस मोटोरोला हे नाव दिले. पुढे थोड्याच वर्षांत कोरड्या बॅटऱ्यांची पेटीही गेली. व्हायब्रेटर नामक कंपक बॅटरीचा सरळ प्रवाह क्षणाक्षणाला तोडू-जोडू लागला, रोहित्राने त्याचा दाब चढविला आणि सहा व्होल्टांतून शेकडो व्होल्ट मिळू लागले. 1955 साली गॅल्विन यांच्याच कंपनीने मोटार-रेडिओसाठी मोठ्या शक्तीचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. पुढे ट्रान्झिस्टरांचा प्रसार झाला, तेव्हा कंपकासही रजा मिळाली.

आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. आजच्या गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. चार ओहमचा स्पीकर त्या दाबावर चालविला, तर फार तर वीसेक वॅट पदरात पडतात. अधिक हवे असल्यास दाब चढवावा लागतो. मोठ्या ॲम्प्लिफायरच्या पोटात आजही तेच घडते, फक्त कंपकाचे काम ट्रान्झिस्टर करतात. पण वीज काही आकाशातून पडत नाही. 500 वॅट खरोखर हवे असतील, तर उष्णतेत वाया जाणारा वाटा धरून बॅटरीतून 60 अँपिअरच्या घरात प्रवाह खेचावा लागेल. त्यासाठी जाड तार, बॅटरीलगत फ्यूज आणि एवढी वीज पुरविणारा अल्टरनेटर हवा. नाहीतर पेढीवाल्याच्या पॅकार्डची आठवण करावी! शिवाय कानाचे गणित निराळे आहे. आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती सुमारे दसपट लागते. स्पीकर तीन डेसिबलने अधिक संवेदनशील निवडला, तर तेच काम निम्म्या शक्तीत होते. म्हणून आधी स्पीकर व त्याची भक्कम पेटी, मग ॲम्प्लिफायर, असा क्रम शहाणपणाचा.

दुसऱ्या महायुद्धात गॅल्विन यांच्या कंपनीने सैनिकांच्या हाती धरावयाचे आणि पाठीवर वाहावयाचे बिनतारी संच दिले. 1947 साली कंपनीनेच मोटोरोला हे नाव धारण केले. त्याच वर्षी कामगारांस नफ्यात वाटा देण्याची योजना सुरू झाली. स्वतः दोनदा कफल्लक झालेला हा मनुष्य घाम गाळणाऱ्यांचे मोल जाणत होता, असे आम्हांस वाटते. 5 नोव्हेंबर 1959 रोजी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, 1969 साली, चंद्रावरून मानवाचा शब्द पृथ्वीवर आला तो मोटोरोलाच्या संचातून. ते ऐकण्यास गॅल्विन नव्हते.

दोनदा धंदा बुडाला, तिसऱ्यांदा बुडण्याच्या बेतात आला. तरी हाती उरलेल्या तुकड्यातून काय घडविता येईल, याचाच विचार या माणसाने केला. परीक्षेतील एका अपयशाने खचणाऱ्या आमच्या मुलांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. आणि आणखी एक. अटलांटिक सिटीत गॅल्विन यांनी आवाज मोठा केला तो लोकांनी जवळ यावे म्हणून. ज्या आवाजाने शेजारी खिडक्या लावून घेतात, आजारी मनुष्य कुशीवर वळतो आणि शाळेतील पाठ थांबतो, तो आवाज कितीही वॅटचा असला तरी त्यास त्या थोर कारागिराचा वारसा म्हणता येणार नाही.