बदकांच्या तिकिटाचे जनक : 'डिंग' डार्लिंग



या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, ते व्यंगचित्रकार होते आणि शिकारीही होते. शाळेच्या पत्रिकेत शिकाऱ्याचे चरित्र कशाला, असे काहींना वाटेल. आमच्यातही यावर चर्चा झाली. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, हे आधीच स्पष्ट करतो. तरीही ही हकीकत मुलांना कळावी असे आम्हांस वाटते.

जे नॉरवुड डार्लिंग यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. बालपण आयोवा राज्यातील सू सिटी या गावी गेले. त्या काळी तेथील गवताळ मैदानांत जागोजागी लहान-लहान तळी होती आणि हंगामात रानबदकांचे थवेच्या थवे उतरत. मुलगा बंदूक घेऊन भटकत असे. एकदा त्याने घरटी करण्याच्या दिवसांत एक बदक मारले, तेव्हा काकांनी त्याला चांगलीच शिक्षा केली. अंडी-पिल्लांच्या दिवसांत पक्षी मारायचा नसतो, हा धडा पुढे जन्मभर उपयोगी पडला.

कॉलेजात त्यांनी प्राध्यापकांचीच व्यंगचित्रे काढली आणि त्यापायी त्यांना काही काळ कॉलेजबाहेर राहावे लागले. (विद्यार्थ्यांनी एवढाच भाग लक्षात ठेवू नये!) १९०० मध्ये पदवी मिळाली. चित्राखाली आडनाव आखूड करून ते 'डिंग' अशी सही करीत, तेच नाव पुढे प्रसिद्ध झाले. १९०६ पासून दि मॉइन येथील 'रजिस्टर' या वृत्तपत्रात त्यांची चित्रे येऊ लागली आणि १९२४ व १९४३ असे दोनदा त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला.

दरम्यान बदके कमी होत चालली होती. बाजारात विकण्यासाठी होणारी शिकार १९१८ च्या कायद्याने थांबली होती, पण खरे दुखणे वेगळेच होते. शेतीसाठी चर खणून तळ्यांचे पाणी काढून टाकले जात होते, आणि १९३० नंतर भीषण दुष्काळ पडला. जेथे बदके घरटी करीत तेथे धूळ उडू लागली. पक्ष्यांसाठी जमीन राखण्याचा कायदा १९२९ मध्ये झाला होता, पण जमीन विकत घेण्यासाठी पैशाची कायमची सोय त्यात नव्हती. तिजोरीच रिकामी, तर कायदा काय करणार?

१९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीव पाहणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुखपद डार्लिंग यांना दिले. गंमत अशी की, डार्लिंग विरोधी पक्षाचे, आणि रूझवेल्टसाहेबांवर चित्रांतून टीका करणारे! पगारही वृत्तपत्रापेक्षा फारच कमी. तरी ते गेले.

त्याच वर्षी १६ मार्चला नवा कायदा झाला. सोळा वर्षांच्या वरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याने दरवर्षी एक डॉलरचे तिकीट घ्यायचे, आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखायच्या. पहिल्या तिकिटाचे चित्र डार्लिंग यांचेच, घाईघाईत केलेल्या कच्च्या रेखाटनांतून निवडलेले. पहिल्या वर्षी ६ लाख ३५ हजार तिकिटे खपली.

मात्र पैसे घेऊन शिकाऱ्यांना मोकळीक दिली, असे झाले नाही. १९३५ मध्ये त्यांच्या खात्याने दाणे टाकून बदकांना बोलावणे बंद केले, पाळीव बदके पाण्यात सोडून रानबदकांना फसवणे बंद केले, आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे ठेवण्याचा नियम केला. शिकारी चिडले. दुसरीकडे शिकार पूर्ण बंदच करा, असे म्हणणारे पक्षीप्रेमीही नाराज. आमचे मन या दुसऱ्या मंडळींकडे झुकते, हे लपवीत नाही. परंतु शिकार त्याच दिवशी थांबली असती तरी आटलेली तळी भरली नसती, आणि ती भरण्याचा खर्च उचलायला तेव्हा शिकाऱ्यांशिवाय फारसे कोणी पुढे नव्हते, हेही खरेच आहे.

आपल्या ग्वाल्हेरहून भरतपूर काही लांब नाही. तेथील केवलादेवचे तळेही राजेरजवाड्यांनी बदकांच्या शिकारीसाठीच राखले होते. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी तेथे ४,२७३ पक्षी मारले. असे आकडे तेथील दगडी फलकांवर कोरलेले आहेत. सहलीला जाणाऱ्या मुलांनी ते जरूर वाचावेत, आणि डार्लिंग यांचे नियम त्याच्या तीनच वर्षे आधीचे आहेत हे ध्यानात आणावे. तळे मात्र वाचले, आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाले.

डार्लिंगसाहेब सुमारे वीस महिनेच त्या पदावर होते. १९३५ च्या अखेरीस ते पुन्हा चित्रांकडे वळले. १९३६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने देशभरच्या वन्यजीवप्रेमींचा महासंघ उभा राहिला. १२ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. फ्लोरिडातील सॅनिबेल बेटावरील अभयारण्याला १९६७ पासून त्यांचे नाव आहे.

त्यांचे तिकीट आजही निघते. किंमत आता २५ डॉलर, आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागांसाठी जातात. आजवर ६० लाख एकरांहून अधिक जागा त्यातून राखली गेली आहे. हाती बंदूक कधीच न धरलेले पक्षीनिरीक्षकही ते हौसेने विकत घेतात. दरवर्षी चित्रांची स्पर्धा होते आणि शाळकरी मुलांसाठी वेगळी स्पर्धा असते.

१९३४ च्या पहिल्या तिकिटाचे मोठे केलेले चित्र आम्ही ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर लावले आहे. पाण्यावर उतरणारी एक जोडी त्यात आहे. नर कोणता, मादी कोणती आणि ते कशावरून ओळखले, हे सहावी ते आठवीच्या मुलांनी कागदावर लिहून चित्रकलेच्या बाईंकडे द्यावे.